गाडी स्वतः चालते, मग जबाबदार कोण? : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात विनाचालक गाड्यांवर एक टिपण दिलं होतं. अशा गाडीत यंत्राचा प्रश्न लहान आणि जबाबदारीचा मोठा, एवढंच त्याचं म्हणणं होतं. त्यावर इंदूरहून बरीच पत्रं आली. त्यांतली काही इथे घेतली आहेत. उत्तरं वाहनतंत्राची आणि अपघात दाव्यांची माहिती असणाऱ्यांनी मिळून दिली आहेत.

प्रश्न (सुदामानगर) : एडासवाली (चालकाला मदत करणाऱ्या यंत्रणेची) नवी गाडी घेतली. शोरूमवाले म्हणाले, "हायवेला ही स्वतःच चालते, तुम्ही नुसतं बसा." पुढच्या गाडीपासून अंतर राखते, लेन धरते, वेळ पडली तर ब्रेकही मारते. अशा वेळी कुणाला धक्का लागला तर दोष माझा की कंपनीचा?

आजच्या घडीला तुमचा, आणि हे शोरूममध्येच स्पष्ट सांगायला हवं होतं.

स्वयंचलनाच्या शून्य ते पाच अशा पातळ्या जगभर मानल्या जातात. तुमची गाडी दुसऱ्या पातळीची आहे. स्टिअरिंग आणि वेग ती सांभाळते, पण रस्त्यावर नजर ठेवायचं काम तुमचंच राहतं. तिसऱ्या पातळीला, ठरलेल्या परिस्थितीत, नजर ठेवायची जबाबदारी गाडीकडे जाते आणि ती मागेल तेव्हा माणसाने ताबा घ्यायचा असतो. चौथीत ठरावीक भागापुरता माणूस लागतच नाही. दुसरी आणि तिसरी यांत यंत्राचा फरक फार दिसत नाही, पण जबाबदारीचा फरक पूर्ण आहे. शोरूममधलं "स्वतःच चालते" हे वाक्य नेमका तोच फरक पुसून टाकतं.

आपला मोटार वाहन कायदा 1988 चा. गाडी कुणीतरी माणूस चालवतो असं धरूनच तो लिहिलेला आहे. निष्काळजीपणाने मृत्यू झाला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 106 खाली पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि "एडास चालू होतं" हा त्यावर बचाव नाही. भरपाईची गोष्ट वेगळी आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 164 खाली दोष सिद्ध न करताही मृत्यूसाठी 5 लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये मालकाने किंवा विमा कंपनीने द्यायचे असतात. त्याहून जास्त हवं तर कलम 166 खाली दावा लावून निष्काळजीपणा दाखवावा लागतो. कंपनीला गाठायची वाट 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात आहे. सदोष रचना किंवा अपुरी सूचना यासाठी उत्पादक जबाबदार ठरू शकतो. पण तो कायदा ग्राहकाला धरून बेतलेला आहे, आणि गाडीखाली आलेला पादचारी त्या गाडीचा ग्राहक नसतो. हे भोक बुजवायला हवं असं आमचं स्पष्ट मत आहे.

आता रोजच्या कामाचं. बहुतेक गाड्यांत काचेमागे कॅमेरा आणि पुढच्या बंपरमध्ये किंवा लोगोमागे रडार असतं. दगड लागून समोरची काच बदलली की कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन, म्हणजे नेम जुळवणं, पुन्हा करावं लागतं. बाहेरच्या गॅरेजात नुसती काच बसवून घेतली तर कॅमेरा अंशभर वाकडा बघतो, आणि अंशभर म्हणजे 60 मीटरवर साधारण एक मीटर, म्हणजे स्कूटर शेजारच्या लेनमध्ये आहे की तुमच्या, इतका फरक. रडारसमोर बंपर गार्ड, जाड स्टिकर किंवा पुट्टी भरून मारलेला रंग आला की त्याची नजर अधू होते. लेन धरणं पांढऱ्या पट्ट्यांवर अवलंबून असतं. बायपासला ते चालेल, पण जवाहर मार्गावर किंवा जेल रोडला बंदच ठेवा. आणि एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. भरधाव वेगात पुढे उभी असलेली वस्तू, म्हणजे रस्त्याकडेला बिघडून थांबलेला ट्रक, यातल्या अनेक यंत्रणांच्या नजरेतून सुटू शकतो. कमानी, फलक, लोखंडी झाकणं या सगळ्यांवरून रडारच्या लहरी सतत परत येतात. त्या प्रत्येकाला ब्रेक लागू नये म्हणून स्थिर वस्तू गाळण्याकडे रचनेचा कल असतो.

अपघात झालाच तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 134 प्रमाणे आधी जखमीला दवाखान्यात न्या, 24 तासांच्या आत पोलिसांना कळवा आणि विमा कंपनीलाही. डॅशकॅमचं कार्ड लगेच काढून ठेवा, कारण जुन्यावर नवं चढत जातं. कंपनीला त्याच दिवशी ईमेल करा : अमुक वेळेच्या गाडीतल्या सर्व नोंदी जपून ठेवा. ही ओळ पुढे तुमच्या किंवा समोरच्याच्या कामी येते, आणि दोन्ही परिस्थितींत ती लिहिलीच पाहिजे.

प्रश्न (खंडवा रोड, महाविद्यालयीन विद्यार्थिनी) : आमच्या वर्गात वाद झाला. ब्रेक निकामी झालेल्या विनाचालक गाडीपुढे एकीकडे एक आजोबा आणि दुसरीकडे दोन मुलं असतील तर गाडीने काय करावं? सरांनी हात वर करायला सांगितले आणि वर्ग दुभंगला.

हा प्रश्न गाड्यांच्या आधीचा आहे. फिलिपा फूट या ब्रिटिश तत्त्वज्ञ बाईंनी 1967 मध्ये तो ट्रामच्या रूपात मांडला. नंतर अमेरिकेच्या ज्युडिथ जार्विस थॉमसन यांनी त्याला आणखी फाटे फोडले. मारणं आणि मरू देणं यांत नैतिक फरक आहे का, हे तपासायचं ते साधन होतं. गाडीला शिकवण्याचा पाठ म्हणून कुणी ते लिहिलं नव्हतं.

हात वर करून हे ठरवता येईल का, ते पाहण्याचा सर्वांत मोठा प्रयत्न अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या संशोधकांनी केला. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांमागे 233 देश आणि प्रदेशांतल्या लोकांनी दिलेले सुमारे चार कोटी निवाडे होते. तरुणांना वाचवण्याकडे कल सगळीकडे सारखा नव्हता, आशियातल्या अनेक देशांत तो कमी दिसला. म्हणजे तुमचा वर्ग दुभंगला यात नवल नाही. पण लोकांना काय वाटतं ते मोजलं म्हणून काय योग्य ते ठरत नाही. बहुसंख्यांनी म्हाताऱ्याचा जीव स्वस्त ठरवला तर तो स्वस्त होतो का? जर्मनीच्या सरकारने नेमलेल्या नीतिसमितीने 2017 मध्ये 20 नियम दिले. त्यात वय, लिंग, शारीरिक वा मानसिक स्थिती यांवरून माणसामाणसांत निवड करायला साफ मनाई आहे. आम्हाला ती भूमिका पटते. राज्यघटनेचं समानतेचं चौदावं कलम मानणाऱ्या देशात गाडीच्या संगणकात माणसांच्या किमतीचा तक्ता असूच शकत नाही.

पण तुमच्या वर्गाने पुढे जायला हवं होतं. खरी नीती त्या शेवटच्या सेकंदात नसतेच.

50 किमी वेगाने गाडी सेकंदाला सुमारे 14 मीटर जाते. माणसाला ब्रेकवर पाय जायला दीड सेकंद धरा : 21 मीटर गेले. कोरड्या रस्त्यावर पुढे थांबायला आणखी 14. एकूण 35 मीटर. वेग 30 असेल तर हेच साडेसतरा मीटरच्या आसपास येतं, आणि धडक बसलीच तर तिची ऊर्जा पावणेतीन पटींनी कमी असते. यंत्र माणसापेक्षा लवकर ब्रेक लावतं, पण थांबण्याचं अंतर भौतिकशास्त्र ठरवतं. तेव्हा ज्या गल्लीत पार्क केलेल्या गाड्यांमागून मूल धावत येऊ शकतं तिथे गाडीने 50 ने जायचं की 25 ने, हा प्रश्न आजोबा आणि मुलांच्या कोड्यापेक्षा कितीतरी मोठा आहे. आणि तो ऑफिसात, शांतपणे, आधीच सोडवलेला असतो.

आणखी एक उदाहरण जवळून पाहू. एबी रोडवर गाडीच्या एका बाजूला ट्रक आहे, दुसऱ्या बाजूला स्कूटर. गाडी लेनच्या मधोमध चालली आहे. ती 30 सेंटिमीटर स्कूटरकडे सरकली तर आतल्या प्रवाशाचा धोका किंचित कमी होतो आणि स्कूटरवाल्याचा किंचित वाढतो. एका फेरीत हा फरक मोजताही येणार नाही. लाखो फेऱ्यांत मात्र त्याची मेलेली माणसं होतात. तो 30 चा आकडा कुणीतरी टाइप केलेला आहे. कोणी टाकला, कशासाठी, आणि स्कूटरवाल्याला कुणी विचारलं? तुमच्या सरांना हा प्रश्न फळ्यावर लिहायला सांगा.

बाजार हे आपोआप नीट करेल या भरवशावर राहू नका. 2016 च्या एका गाजलेल्या अभ्यासात लोकांनी सांगितलं की जास्तीत जास्त जीव वाचवणारी गाडी चांगली, इतरांनी ती घ्यावी. स्वतः मात्र आतल्याला वाचवणारीच गाडी घेऊ, असंही तेच लोक म्हणाले. जो गाडी विकत घेतो तो आत बसतो, बाहेरचा माणूस गिऱ्हाईक नसतो. आणि आपल्या रस्त्यांवर मरणारे बहुतांशी बाहेरचे आहेत. 2022 मध्ये देशात 1,68,491 लोक रस्त्यावर दगावले. त्यांत दुचाकीवरचे 44.5 टक्के, पायी चालणारे 19.5 टक्के. तत्त्वज्ञ जॉन रॉल्स यांची कसोटी इथे चपखल बसते. उद्या आपण गाडीत असू, सायकलवर असू की डोक्यावर टोपली घेऊन रस्ता ओलांडत असू, हे माहीत नसताना जो नियम मान्य होईल तोच न्याय्य. या न कळण्याच्या पडद्याआडून (रॉल्स त्याला 'अज्ञानाचा पडदा' म्हणतात) पाहिलं तर ते 30 सेंटिमीटर स्कूटरकडे कुणीच सरकवणार नाही.

प्रश्न (राजवाडा) : रंगपंचमीच्या गेरमध्ये (रंगांच्या मिरवणुकीत) अशी गाडी सापडली तर?

सापडूच नये. चौथ्या पातळीच्या गाडीला कुठे, किती वाजता, कोणत्या हवेत चालायचं याची हद्द आखून दिलेली असते. गेरचा मार्ग त्या दिवशी हद्दीबाहेर ठेवावा लागतो, अनंत चतुर्दशीच्या झांक्यांच्या मिरवणुकीचाही. हवेत गुलाल उडाला की लेझरने अंतर मोजणाऱ्या लायडारला प्रत्येक ढग वस्तूसारखा भासतो. कॅमेऱ्याच्या काचेवर रंग बसला की तो आंधळाच. मग गाडी शिकवल्याप्रमाणे जागच्या जागी थांबते. ऐकायला हे सुरक्षित वाटतं, पण अरुंद रस्त्यात थांबलेली गाडी अँब्युलन्स अडवते. सॅन फ्रान्सिस्कोच्या अग्निशमन दलाने 2023 मध्ये नेमकी हीच तक्रार वारंवार केली होती. म्हणून अशी गाडी हाताने ढकलून बाजूला कशी घ्यायची, हे वाहतूक पोलिसाला आधी शिकवलेलं असायला हवं. आणि सिग्नल बंद असताना पोलिसाने हाताने केलेली खूण गाडीला कळते की नाही, याची परीक्षा वेगळी घ्यायला हवी.

प्रश्न (महाराणी रोड) : अमेरिकेत अशा गाडीखाली बाई मेली तेव्हा शिक्षा कुणाला झाली?

18 मार्च 2018, अॅरिझोना राज्यातलं टेंपी गाव, रात्रीची वेळ. उबरची चाचणी गाडी ताशी सुमारे 69 किमी वेगात होती. एक बाई सायकल हाताने ढकलत रस्ता ओलांडत होती. तपासात निघालं ते असं : गाडीने तिला धडकेच्या 5.6 सेकंद आधी पाहिलं होतं. एवढ्या वेळात गाडी शंभर मीटरहून जास्त जाते, आणि त्या वेगात ब्रेक लागल्यावर थांबायला 30 मीटरही लागत नाहीत. पण यंत्रणा तिला कधी वाहन, कधी अज्ञात वस्तू, कधी सायकल समजत राहिली. प्रत्येक वेळी समजूत बदलली की आधीचा माग पुसला जाई, त्यामुळे ती कुठे निघाली आहे याचा अंदाज बांधलाच गेला नाही. झेब्रा क्रॉसिंग सोडून माणूस रस्ता ओलांडू शकतो, हे त्या प्रणालीत धरलेलंच नव्हतं. खोटे ब्रेक लागू नयेत म्हणून संकट ओळखल्यावरही एक सेकंद थांबायची सोय मुद्दाम केली होती. आणि गाडीचा मूळ आपत्कालीन ब्रेक स्वयंचलन चालू असताना बंद ठेवला होता.

स्टिअरिंगमागे बसलेली कर्मचारी मोबाइलवर कार्यक्रम पाहत होती. पूर्वी गाडीत दोन माणसं असत, कंपनीने एकावर आणलं होतं. कंपनीवर फौजदारी खटला झाला नाही. कर्मचारी बाईने 2023 मध्ये गुन्हा कबूल केला, तिला तीन वर्षांचं प्रोबेशन मिळालं.

तिची चूक होतीच. पण तासन्‌तास काहीच न करता फक्त लक्ष ठेवायचं काम माणसाकडून नीट होत नाही, हे विमानतंत्रात अनेक दशकांपासून माहीत आहे. धडक बसल्यावर गाडीचं नाक चेपतं आणि आतला सांगाडा वाचतो, त्याच रीतीने दोषाचा मार जवळच्या माणसावर पडून यंत्रणा बनवणारे वाचतात, असं मॅडलिन एलिश या संशोधिकेने दाखवलं आहे. टेंपीच्या तपासात कंपनीच्या सुरक्षाव्यवस्थेवर आणि राज्याच्या ढिल्या देखरेखीवरही ठपका आला. अॅरिझोनाने नियम कमी ठेवून कंपन्यांना बोलावलं होतं. धोका पत्करायचा की नाही हे रस्ता ओलांडणाऱ्या बाईला कुणी विचारलं नव्हतं.

दुसरा प्रसंग 2 ऑक्टोबर 2023 चा, सॅन फ्रान्सिस्कोतला. दुसऱ्या गाडीच्या धक्क्याने एक बाई क्रूझ कंपनीच्या विनाचालक टॅक्सीपुढे फेकली गेली. गाडी थांबली, मग "कडेला घ्यावं" या नियमाने पुन्हा निघाली आणि बाईला सुमारे सहा मीटर फरफटत नेलं. खाली माणूस आहे हे गाडीला कळलंच नाही. त्याहून वाईट म्हणजे फरफटीची गोष्ट कंपनीने अधिकाऱ्यांना पूर्णपणे सांगितली नाही. परवाना निलंबित झाला, खोट्या अहवालासाठी पाच लाख डॉलर दंड झाला, आणि 2024 च्या डिसेंबरात मूळ कंपनीने त्या टॅक्सींचा पैसाच थांबवला.

प्रश्न (मूसाखेडी) : वडील पंचवीस वर्षं टॅक्सी चालवतात. गडकरीसाहेब म्हणाले होते, विनाचालक गाड्या येऊ देणार नाही. मग काळजी मिटली का?

डिसेंबर 2023 मध्ये नागपुरात नितीन गडकरी तसं म्हणाले होते, आणि कारण नोकऱ्यांचंच दिलं होतं. ते मंत्र्यांचं धोरण आहे, कायद्यातलं कलम नाही, त्यामुळे काळजी मिटली असं आम्ही म्हणणार नाही. पण वडिलांच्या हयातीत इंदूरच्या गल्ल्यांतून टॅक्सी हद्दपार होईल अशी चिन्हं नाहीत. पहिला फटका बसला तर तो ठरावीक मार्गावरच्या कामांना बसेल : कारखान्याच्या आवारातली मालवाहतूक, गोदामं, लांबच्या हायवेवरचे ट्रक.

बंदी घालावी का? रोज बारा-चौदा तास ट्रक हाकणाऱ्याला झोप लागून माणसं मरतात. 1961 च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यात दिवसाला आठ तासांची मर्यादा होती आणि ती सर्रास मोडली जात असे. जीव वाचवू शकणारं तंत्र केवळ रोजगारासाठी कायमचं अडवणं आम्हाला पटत नाही. मात्र त्याचा सगळा खर्च चालकानेच सोसायचा, हेही अन्यायाचं आहे. इंदूरला हे शिकवायला नको. हुकुमचंद मिल 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला बंद पडली आणि कामगारांच्या देण्यांचे सुमारे 224 कोटी मोकळे व्हायला 2023 चा डिसेंबर उजाडला. तोवर कित्येक कामगार हयात राहिले नव्हते. म्हणून मागणी अशी हवी : परवाना देण्याआधी निधी जमा, गाडीमागे किंवा किलोमीटरमागे ठरावीक रक्कम, आणि ती चालकांच्या नावावर. बदल झाल्यावर पाहू, या आश्वासनावर सही करू नका.

प्रश्न (टिळकनगर) : अशा गाड्यांवरचे कॅमेरे आमच्या फाटकातलंही टिपणार. संमती कुणाची?

रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाची संमती घेणं अशक्य आहे, म्हणून "संमती घेतली" हा देखावा नको. कमी साठवणं हाच उपाय. चेहरे आणि नंबरप्लेट गाडीतच पुसट कराव्यात, अपघात नसेल तर चित्रण ठरलेल्या दिवसांत नष्ट व्हावं, आणि पोलिसांना ते हवं असेल तर लेखी आदेशावरच मिळावं. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी 2017 मध्ये सांगितलं. 2023 चा डेटा संरक्षण कायदा सरकारला बऱ्याच सवलती देतो, तेव्हा ही अट परवान्यातच हवी.

प्रश्न (विजयनगर) : उद्या कुणी सुपर कॉरिडॉरवर चाचणी मागितली तर रहिवाशांनी काय मागावं? आणि किती किलोमीटर चाललं म्हणजे सुरक्षित म्हणायचं?

दुसरं आधी. अमेरिकेच्या रँड संस्थेने 2016 मध्ये हिशेब मांडला. विनाचालक गाडीचा मृत्युदर तिथल्या माणसांपेक्षा जास्त नाही, हे 95 टक्के खात्रीने म्हणायचं तर एकही मृत्यू न होता 27.5 कोटी मैल, म्हणजे सुमारे 44 कोटी किलोमीटर चालावं लागेल. दहा गाड्या रोज 200 किमी चालल्या तर वर्षाला 7.3 लाख किमी होतात. 44 कोटींना सहाशे वर्षं लागतील. तेव्हा "आमच्या चाचणीत एकही मृत्यू नाही" हे वाक्य कुणी अभिमानाने सांगितलं तर त्याने काहीच सिद्ध होत नाही. मोजायचं ते वेगळं : जोरात लागलेले ब्रेक, दूरवर बसून नजर ठेवणाऱ्या माणसाने किती वेळा हस्तक्षेप केला, दुचाकीला किती अंतर राखून ओलांडलं, पादचारी दिसल्यापासून वेग कधी उतरू लागला.

सुपर कॉरिडॉर रुंद आहे, सरळ आहे, पायी माणूस कमी. तिथली चाचणी तिथल्यापुरतीच. तिच्या जोरावर गजबजलेल्या सराफ्याचा किंवा छावणीचा परवाना मागितला तर ठाम नकार द्या.

पीथमपूरला नॅट्रॅक्सचा चाचणी मार्ग आहे, त्याचा वेगाचा पट्टाच 11.3 किमीचा. टेंपीचा प्रसंग तिथे पुतळे वापरून उभा करा : सायकल ढकलणारी बाई, रात्र, झेब्रा क्रॉसिंग नाही. हातगाडी, उलट दिशेने येणारी ई-रिक्षा, मध्येच बसलेली गाय. यात उतरल्याशिवाय गाडी रस्त्यावर नको. चाचणीच्या काळात वेग 30 वर बांधा. गाडीत कर्मचारी असेल तर दोन, आणि दर तासाला अदलाबदल. जबाबदार कंपनीचं नाव परवान्यावरच हवं. ब्रिटनने 2024 च्या कायद्यात हीच वाट धरली : गाडी स्वतः चालत असताना आत बसलेल्यावर चालवण्याचा दोष येत नाही, तो परवानाधारक संस्थेवर येतो. भरपाईसाठी दोष सिद्ध करायची अट नको, आणि कलम 164 ची रक्कम ही तळाची समजावी, वरची नव्हे.

अपघाताचं संपूर्ण चित्रण 24 तासांत स्वतंत्र तपासणाऱ्याकडे जावं, कंपनीने निवडलेले तुकडे नव्हे. चाचणी कधी थांबेल हे आकड्यांत आधी लिहून घ्या. आणि परवानगी केवळ भोपाळच्या किंवा दिल्लीच्या सहीने मिळू नये. तीन लाखांवरच्या शहरात वॉर्ड समित्या हव्यात असं राज्यघटनेचं कलम 243-एस सांगतं. ज्या वॉर्डांतून गाडी जाणार तिथल्या सभेत हे आकडे मराठी-हिंदीत वाचून दाखवले जावेत, आणि सभा संध्याकाळी सातनंतर ठेवावी, म्हणजे भाजीवाले आणि रिक्षावालेही येऊ शकतील.